पाच फुल्या आणि पाच लेकी

अगं, परवा रात्री तू पाठवलेला वंशवृक्षाचा फोटो मी चष्मा लावून, मोठा करकरून पाहिला. मेहनत दिसते. सगळ्यात वर विल्यम मार्शल, शेजारी त्याची बायको इझाबेल. खाली ओळीने पाच मुलगे: विल्यम, रिचर्ड, गिल्बर्ट, वॉल्टर, अँसेल्म. पाचांच्या नावांपुढे पाच फुल्या, ‘निःसंतान’. त्याखाली कोरा कागद. आणि फोटोबरोबर तुझा निरोप: ‘आत्या, घराणं १२४५ मध्ये संपलं. माझं काम एका रात्रीत झालं!’

झालं कुठलं? उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तू लिहिलंयस, ‘शिवाय पाच मुली’. तुझं काम त्या दोन-तीन शब्दांपासून सुरू होतं.

मी काही इतिहासकार नाही, तुला माहीत आहे. इंग्लंडात आल्यावर पोटापाण्यासाठी एका जिल्ह्याच्या दप्तरखान्यात लागले. लोकांना कागद काढून द्यायचे, परत जागेवर ठेवायचे. तिथे एक वयस्क बाई होत्या, तेराव्या शतकाची लॅटिन अक्षरं भाजीच्या यादीसारखी वाचायच्या. चहाच्या सुट्टीत त्या जे सांगत, ते मी मनात टिपून ठेवलं. उरलेलं मी चुका करकरून शिकले. दोन्ही आता तुझ्या पदरात टाकते.

१. जन्म शोधू नकोस, जमीन शोध

इंग्लंडात चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदवह्या सुरू झाल्या १५३८ मध्ये. त्याआधी मूल जन्मलं म्हणून कुणी वहीत लिहून ठेवत नसे. एवढा मोठा विल्यम मार्शल, राज्याचा कारभारी झालेला माणूस, पण त्याचा जन्म ११४६ चा की ११४७ चा, हेही अंदाजानेच सांगतात.

मग लिहीत काय होते? जमीन हलली की लिहीत. वारसाने जमीन ताब्यात घ्यायला राजाला पैसे भरले, की नोंद. दोघांत जमिनीची तडजोड झाली, की नोंद. ११९५ पासून तर अशा तडजोडीचा मजकूर एकाच चामड्यावर तीनदा लिहीत आणि नागमोडी कापत. दोन तुकडे दोघा पक्षांना, तळचा तिसरा राजाच्या खजिन्यात. खोटा तुकडा कुणी पुढे केला तर कापाला काप जुळत नसे. त्या तळच्या तुकड्यांत बायकोचं नाव, मुलाचं नाव, कधी सासऱ्याचंही नाव सापडतं.

आणि १२३० च्या दशकापासून एक कागद मिळू लागतो, तो तर आपल्याकडच्या महजराचाच भाऊ. राजाकडून थेट जमीन धरणारा माणूस मेला, की राजाचा अधिकारी गावातल्या जाणत्या माणसांना शपथेवर बोलावून विचारायचा: याची जमीन कोणती, उत्पन्न किती, जवळचा वारस कोण आणि त्याचं वय काय? मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत जमीन राजाच्या ताब्यात जायची, म्हणून वयाला किंमत. पुढे वय सिद्ध करायलाही पंच बोलावू लागले, आणि ते सांगत की त्या वर्षी माझ्या घरी मुलगा झाला, किंवा माझा बाप गेला, म्हणून मला आठवतं. माणसाची जन्मतारीख शेजाऱ्याच्या सुखदुःखात दडलेली असते, असं आमच्या बाई म्हणायच्या.

२. आडनावाला भुलू नकोस

‘मार्शल’ हे आधी आडनाव नव्हतंच. राजाच्या घोड्यांची आणि नंतर दरबारी शिस्तीची जबाबदारी ज्याच्याकडे, तो मार्शल. विल्यमच्या आजोबांचं नाव गिल्बर्ट. बापाचं जॉन फिट्झगिल्बर्ट. ‘फिट्झ’ म्हणजे अमक्याचा मुलगा, बस. जॉनकडे मार्शलपद वंशपरंपरेने आलं आणि पुढच्या पिढीला तेच आडनाव चिकटलं. कुलकर्णी, चिटणीस, पोतनीस ही आडनावं आपल्याकडे कशी झाली ते तुला सांगायला नको. आणि ‘द क्लेअर’ म्हणजे सफोकमधल्या क्लेअर गावचे. आपल्या भाषेत क्लेअरकर.

पण राजाप्रमाणे प्रत्येक मोठ्या सरदाराकडेही स्वतःचा मार्शल असे. म्हणून आज इंग्लंडात मार्शल आडनावाची जी माणसं आहेत, त्यांचं या घराण्याशी आडनावावरून नातं जोडता येत नाही. दप्तरखान्यात एकदा एक गृहस्थ घरी केलेला लांबलचक वंशवृक्ष घेऊन आले. बापाकडून बापाकडे जात थेट विल्यम मार्शलपर्यंत. आमच्या बाईंनी शांतपणे चहा पुढे केला आणि म्हणाल्या, ‘या माणसाची मुलग्यांची बाजू १२४५ मध्येच थांबली. तुमची वेगळ्या वाटेने आली असेल.’

३. पदवी म्हणजे घराणं नव्हे

‘अर्ल ऑफ पेम्ब्रोक’ दिसलं की तू मार्शल समजू नकोस. ही पदवी आधी क्लेअर घराण्यात होती. विल्यमला ती राजा जॉनने ११९९ मध्ये दिली. मार्शलांनंतर ती व्हॅलेन्स घराण्यात गेली, पुढे हेस्टिंग्ज घराण्यात, मग ट्यूडर घराण्याच्या एका मुलाकडे, आणि १५५१ पासून हर्बर्ट घराण्यात. म्हणून कुठे विल्यमला ‘पहिला अर्ल’ म्हणतात, कुठे ‘चौथा’. मोजणी कुठून सुरू केली त्यावर ते ठरतं. क्रमांकावर विसंबू नकोस, वर्ष लिही.

पदाचंही तसंच. २०२३ मध्ये राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकाची व्यवस्था नॉरफोकच्या ड्यूकने ‘अर्ल मार्शल’ म्हणून पाहिली. पद तेच, पण साखळी अखंड नाही. मार्शलांकडून ते बिगॉड घराण्यात गेलं, बिगॉडने १३०२ मध्ये ते राजाला परत केलं, आणि १३१६ मध्ये दुसऱ्या एडवर्ड राजाने ते आपल्या सावत्र भावाला दिलं. मधे अशी गाठ सुटून पुन्हा बांधली असेल, तर वंशवृक्षावर रेघ ओढू नकोस.

४. नातं मराठीत म्हणून बघ

हा मंत्र माझा स्वतःचा आहे, बाईंचा नाही. इंग्रजीत ‘कझिन’ म्हटलं की काम संपतं. आपल्याकडे विचारावं लागतं: चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ की मावसभाऊ? ‘अंकल’ म्हटलं तर काका की मामा? या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, तर तुला ते नातं अजून कळलेलं नाही असं समज. लॅटिन कागदात तर ‘नेपोस’ हा एकच शब्द पुतण्याला, भाच्याला आणि नातवालाही चालतो. तिथे तर मराठीशिवाय सुटका नाही.

एक उदाहरण देते, मला फार आवडतं. थोरला मुलगा, धाकटा विल्यम मार्शल, याने १२२४ मध्ये तिसऱ्या हेन्री राजाच्या बहिणीशी, एलिनॉरशी लग्न केलं. त्याची बहीण इझाबेल विधवा होती. तिने १२३१ च्या मार्चमध्ये त्याच राजाच्या भावाशी, रिचर्ड ऑफ कॉर्नवॉलशी लग्न केलं. म्हणजे एलिनॉर ही इझाबेलची वहिनी आणि तीच तिची नणंद. आपल्याकडे याला शब्द आहे: साटंलोटं. तो शब्द डोक्यात आला की राजघराणं आणि मार्शल घराणं किती जवळ आलं होतं ते क्षणात समजतं. इंग्रजी पुस्तकात तेच समजायला अर्धं पान लागतं. दुर्दैव असं की दुसरं लग्न लागलं आणि आठवडाभरातच धाकटा विल्यम वारला.

सावत्र भावंडंही याच चाळणीतून जाऊ दे. थोरली लेक मॉड हिने दोन लग्नं केली. पहिल्या नवऱ्यापासून रॉजर बिगॉड, दुसऱ्यापासून जॉन वॉरेन. आडनावं दोन, पण आई एकच. बापाच्या बाजूने वंशवृक्ष काढणारा या दोघांना कधीच एकत्र पाहणार नाही.

५. कार्डावर आईचं नाव आधी

प्रत्येक माणसाचं वेगळं कार्ड कर. संगणकावर कर, माझं काही म्हणणं नाही, पण कार्डाची सवय ठेव. वरच्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत आईचं नाव, तिसऱ्या ओळीत बापाचं. क्रम चुकवू नकोस.

का, ते ऐक. विल्यमची बायको इझाबेल द क्लेअर. तिची एक लेक इझाबेल मार्शल. या लेकीचं पहिलं लग्न झालं गिल्बर्ट द क्लेअरशी, म्हणजे आईच्या माहेरच्या दुसऱ्या शाखेत. तिला मुलगी झाली, तिचं नाव पुन्हा इझाबेल द क्लेअर. आजी आणि नात एकाच नावाच्या, आणि मधली लेकसुद्धा सासरच्या नावाने तीच! माझ्या पहिल्या वहीत मी आजी-नातीची एकच बाई केली होती. १२२० मध्ये टिंटर्नच्या मठात पुरलेल्या बाईला मी त्यानंतर स्कॉटलंडात सासरी पाठवलं. आमच्या बाई तीन दिवस हसत होत्या.

पुरुषांत विल्यम नावाचा सुळसुळाट. विल्यम मार्शल बाप, विल्यम मार्शल मुलगा. जावयांत विल्यम वॉरेन, विल्यम फेरर्स, विल्यम ब्रिओज. पुढे नातजावई विल्यम व्हॅलेन्स. ‘लॉर्ड विल्यम’ एवढंच कागदात दिसलं, तर कोणता ते तारीख, गाव आणि बायको या तिन्हींनी ठरव. एक जुळून चालत नाही.

आणि एकाच बाईची नावं तीन असू शकतात. लॅटिनमध्ये माटिल्डा, इंग्रजीत मॉड, जुन्या फ्रेंच काव्यात माहेल्त. तीनही आपली थोरली लेक.

६. नाव कुठून आलं ते विचार

नाव हा पुरावा नसतो, पण इशारा असतो. विल्यमच्या आईचं नाव सिबिल. एका लेकीचं नाव सिबिल. इझाबेलच्या वडिलांचं नाव रिचर्ड, ज्याला ‘स्ट्राँगबो’ म्हणत. दुसऱ्या मुलाचं नाव रिचर्ड. विल्यमच्या धाकट्या भावाचं नाव अँसेल, शेवटच्या मुलाचं अँसेल्म. आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची रीत आपल्याला काय नवी आहे!

पण गंमत आहे ती ईव्हा या लेकीत. ईव्हा हे बायबलमधलं साधं नाव वाटतं. इझाबेलची आई आयर्लंडमधल्या लेन्स्टरच्या राजाची मुलगी, नाव ईफा. इंग्रजी कारकून लॅटिनमध्ये लिहिताना ईफाची ईव्हा करत. म्हणजे इंग्लंडमधल्या या सरदाराच्या घरात आयरिश आजीचं नाव नात घेऊन वावरत होती. आणि मार्शलांना लेन्स्टरचा मुलूख मिळाला तोही त्या आजीमुळेच, हे ध्यानात ठेव. स्ट्राँगबोला एक मुलगा होता, तो लहानपणीच गेला, म्हणून सगळं इझाबेलकडे आलं. लेकींकडून जमीन येण्याची गोष्ट या घराण्यात १२४५ मध्ये सुरू झाली नाही. विल्यम स्वतः अर्ल झाला तो बायकोच्या जोरावर. त्याआधी तो चौथा मुलगा, हातात तलवार आणि बाकी काही नाही. लग्न झालं ११८९ मध्ये, तो चाळिशी ओलांडलेला, ती विशीच्या आतली, राजाच्या पालकत्वाखाली.

७. विधवेला विसरू नकोस

नवरा गेला की त्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा विधवेला, ती जिवंत असेपर्यंत. दुसरं लग्न केलं तरी तो तिच्याबरोबर जायचा. म्हणून कागदात जमीन ज्याच्या हाती दिसते तो वारस असेलच असं नाही. तो वारसाच्या वहिनीचा दुसरा नवराही असू शकतो.

धाकट्या विल्यमची विधवा एलिनॉर हे त्याचं मोठं उदाहरण. नवरा गेला तेव्हा ती जेमतेम सोळा वर्षांची. वेल्स आणि आयर्लंडमधल्या तिच्या हिश्शाच्या बदल्यात तिला वर्षाला ४०० पौंड ठरवून दिले. ते कमी होते, अशी तिची तक्रार शेवटपर्यंत राहिली. १२३८ मध्ये तिने सायमन द माँटफर्टशी लग्न केलं, तोच सायमन जो पुढे राजाविरुद्ध उभा राहिला. ती वारली १२७५ मध्ये. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं मार्शलांच्या इस्टेटीवर एका विधवेचा हक्क चालू होता, आणि आधी तिचे मार्शल दीर, मग तीस वर्षं तरी पाच नणंदांचे वारस तो भार सोसत होते. राजा आणि सायमन यांच्यातल्या भांडणात हा पैशाचा काटाही होता. एका विधवेचा हिस्सा मांडायचा राहिला, तर देशाच्या राजकारणाचा धागाही हातातून सुटतो.

८. सन मोजताना बोटं मोज

इंग्लंडचे कागद ‘अमुक राजाच्या अमुकाव्या वर्षी’ असे लिहिलेले असतात. राज्याभिषेक शकासारखंच. तिसऱ्या हेन्रीचं पहिलं वर्ष सुरू होतं २८ ऑक्टोबर १२१६ ला. अँसेल्म वारला हेन्रीच्या तिसाव्या वर्षी. मी १२१६ मध्ये ३० मिळवले, १२४६ लिहिलं, आणि बिचाऱ्याला एक वर्ष जास्त जगवलं. पहिलं वर्षही मोजायचं असतं! तिसावं वर्ष २८ ऑक्टोबर १२४५ ला सुरू होतं, आणि तो वारला त्याच डिसेंबरमध्ये, भाऊ वॉल्टर गेल्यावर महिन्याभरात.

जॉन राजाचं तर विचारूच नकोस. त्याचा राज्याभिषेक येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला झाला, आणि तो सण दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो. म्हणून त्याची वर्षं एक लांब, एक आखूड. त्याचा तक्ता छापील मिळतो, तो भिंतीवर लाव. शिवाय अनेक कागदांत नवं वर्ष १ जानेवारीला नसून २५ मार्चला सुरू होतं. फेब्रुवारीतली घटना दिसली की दोनदा तपास.

९. गोष्ट ऐक, पण कुणी कधी सांगितली ते बघ

विल्यम पाच-सहा वर्षांचा असताना ११५२ मध्ये त्याला राजा स्टीफनकडे ओलीस ठेवलं होतं. बापाने शब्द मोडला. पोराला फाशी देतो म्हटल्यावर बाप म्हणाला म्हणे, खुशाल द्या, याहून चांगले मुलगे घडवायची हत्यारं माझ्याकडे शाबूत आहेत. राजाचंच मन द्रवलं आणि पोर वाचलं. गोष्ट जबरदस्त आहे, पण ती लिहिली गेली सत्तरेक वर्षांनी, विल्यम वारल्यानंतर, त्याच्या मुलाच्या सांगण्यावरून रचलेल्या एका लांबलचक फ्रेंच चरित्रकाव्यात. एकोणीस हजारांवर ओळी आहेत. त्याची एकच प्रत उरली. पॉल मेयर नावाच्या फ्रेंच विद्वानाने ती १८६१ मध्ये लंडनच्या लिलावात ओझरती पाहिली, ती दुसऱ्याने विकत घेतली, आणि पुन्हा हाती लागायला वीस वर्षं गेली. आता ती न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. घरच्यांनी लिहवून घेतलेलं चरित्र नात्यागोत्याच्या बाबतीत फार उपयोगी असतं, पराक्रमाच्या बाबतीत थोडं हात राखून वाचावं.

दुसरी गोष्ट शापाची. सेंट ऑल्बन्स मठातला साधू मॅथ्यू पॅरिस लिहितो की विल्यमने आयर्लंडमधल्या फर्न्सच्या बिशपच्या दोन जहागिऱ्या घेतल्या, मुलांनी त्या परत करायला नकार दिला, आणि बिशपने शाप दिला की एका पिढीत घराणं बुडेल. पाचही मुलगे निपुत्रिक गेल्यावर असा शाप आठवणं सोपं असतं. मुलगे कसे गेले ते बघ: रिचर्ड आयर्लंडात राजाच्या पक्षाशी झालेल्या लढाईतल्या जखमांनी, १२३४ मध्ये. गिल्बर्ट १२४१ मध्ये हर्टफर्डजवळच्या मर्दानी खेळात घोड्यावरून पडून, रिकिबीत पाय अडकून फरफटत. शाप वंशावळीत लिहू नकोस, समासात लिही. पण लिही मात्र. लोकांनी त्या पाच मृत्यूंकडे कसं पाहिलं, तेही इतिहासच आहे.

१०. छापलेलं म्हणजे खरं नव्हे

१५३० ते १६८८ या काळात राजाचे भाट-अधिकारी गावोगाव हिंडून सरदारांच्या वंशावळी आणि ढालीवरची चिन्हं तपासून नोंदवत. त्या नोंदी उपयोगी आहेत, पण नव्याने श्रीमंत झालेल्यांना जुने पूर्वज हवे असत, आणि हवं ते मिळवून देणारेही असत. होरेस राउंड नावाच्या चिडखोर विद्वानाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अशा बनावट वंशावळी एकामागून एक फोडल्या. तू सुरुवात ‘द कम्प्लीट पीअरेज’च्या दुसऱ्या आवृत्तीपासून कर, १९१० ते १९५९ या काळात निघालेल्या त्या खंडांपासून. तळटीपा आधी वाच, मजकूर नंतर. मग मूळ नोंदींकडे जा. तिसऱ्या हेन्रीच्या काळातल्या ‘फाइन रोल्स’चा इंग्रजी अनुवाद आता घरबसल्या वाचता येतो. राजाला कुणी कशासाठी किती पैसे कबूल केले त्याच्या त्या याद्या, आणि लग्न, वारसा, पालकत्व सगळं त्यात येतं. मूळ चामडी कागद पाहायचे तर लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जा. सोबत फक्त पेन्सिल ने, पेन चालत नाही.

एक रेघ, एक पुरावा. पुरावा नसलेली रेघ तुटक काढ. माझ्या बाई म्हणत, तुटक रेघेची लाज वाटू देऊ नकोस, पक्क्या रेघेची भीती बाळग.

११. फुली दिसली की तिथून लेकींकडे वळ

आता मूळ मुद्द्यावर येते. १२४५ च्या डिसेंबरात अँसेल्म गेला तेव्हा इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे काय झालं? मुलगा असेल तर सगळं थोरल्या मुलाला. मुलगा नसेल तर लेकींना, आणि लेकींत मात्र सारखी वाटणी. लेक आधीच गेली असेल तर तिच्या मुलाबाळांना तिचा वाटा. मार्शलांचा मुलूख वेल्समध्ये, इंग्लंडात आणि आयर्लंडात पसरलेला. १२४७ पर्यंत त्याचे पाच भाग पाडले. एकट्या लेन्स्टरचं बघ: कार्लो मॉडला, किलकेनी इझाबेलच्या मुलाकडे, किल्डेअर सिबिलच्या मुलींकडे, ड्युनामेजच्या किल्ल्यासह लीश ईव्हाच्या मुलींकडे, वेक्सफर्ड जोनच्या मुलीकडे.

सिबिलला सात मुली. म्हणजे पाचव्या हिश्शाचा सातवा हिस्सा, एकेकीला पस्तिसावा भाग. ईव्हालाही मुलीच. तिच्या नवऱ्याला, विल्यम ब्रिओजला, वेल्सच्या राजाने १२३० मध्ये आपल्या बायकोबरोबर सापडल्याच्या आरोपावरून फाशी दिलं होतं, आणि तरीही ईव्हाची एक मुलगी त्याच राजाची सून झाली. वाटणीचे हे कागद आपल्याला जे सांगतात ते कुठल्याच चरित्रकाव्यात नाही: कोण जिवंत, कोण गेली, कुणाला किती मुली, कुणाचं लग्न कुठे. ते वाचताना किचकट वाटतील. चिकाटीने वाच, कारण तुझा कोरा कागद तिथेच भरतो.

किती भरतो ते बघ. १३१४ मध्ये बॅनकबर्नची लढाई झाली. स्कॉटलंडच्या बाजूने राजा रॉबर्ट ब्रूस: इझाबेल मार्शलचा पणतू, तिच्या लेकीकडून. समोर इंग्लंडच्या बाजूने तरुण गिल्बर्ट द क्लेअर, तोही त्याच इझाबेलचा पणतू, तिच्या मुलाकडून. तो त्या दिवशी मारला गेला. त्याच सैन्यात एमर द व्हॅलेन्स: जोनचा नातू. आणि हम्फ्री द बोहून: ईव्हाचा पणतू, तो लढाईनंतर पकडला गेला. तुझ्या वंशवृक्षात ‘संपलेलं’ घराणं सत्तर वर्षांनी एका मैदानात दोन्ही बाजूंनी उभं आहे, आणि एकाचंही आडनाव मार्शल नाही. ईव्हाची दुसरी एक मुलगी मॉर्टिमर घराण्यात गेली. तिच्या वंशातून पुढे इंग्लंडचा चौथा एडवर्ड राजा झाला.

आणि पेम्ब्रोक? जोनची मुलगी, तीही जोनच, विल्यम व्हॅलेन्सची बायको झाली, तिच्याकडून पेम्ब्रोक एमरकडे आलं. एमर निपुत्रिक वारला. त्याची विधवा मारी द सेंट पोल हिने १३४७ मध्ये केम्ब्रिजला एक कॉलेज काढलं. तू गेल्या महिन्यात त्याच्या फाटकासमोर उभी राहून फोटो काढलास ना? फाटकावरचं ते ‘पेम्ब्रोक’ एका लेकीकडून तिच्या लेकीकडे, मग तिच्या मुलाकडे, आणि त्याच्या विधवेच्या हातून तिथे आलंय.

१२. शेवटचा

लंडनच्या टेंपल चर्चमध्ये विल्यम मार्शलची दगडी प्रतिमा आडवी पहुडलेली आहे. १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात तिचं फार नुकसान झालं, तरी लोक येऊन बघतात. मीही गेले होते. तू जा, पण तिथून ट्यूक्सबरीलाही जा. इझाबेल मार्शल १२४० मध्ये बाळंतपणात वारली. दुसऱ्या नवऱ्याने तिला ब्यूलीच्या मठात पुरलं. पण तिचं हृदय ट्यूक्सबरीला पाठवलं गेलं, पहिल्या नवऱ्याच्या कबरीजवळ. कुठल्याही वंशवृक्षात तिच्या नावापुढे एकच ‘दफनस्थळ’ लिहायला जागा असते.

आपल्या घरचा कुलवृत्तांत तुझ्या बाबाच्या कपाटात आहे. त्यात माझी नोंद शोध. दीड ओळ आहे: नाव, सासरचं आडनाव, गाव. माझ्या मुलांची नावं नाहीत. त्यात वाईट वाटून घ्यायला मी आता फार म्हातारी झाले, पण मार्शलांच्या कागदांशी इतकी वर्षं मैत्री का झाली, त्याचं कारण कदाचित त्या दीड ओळीत असावं.

१२४६ मध्ये राजाने मार्शलपदाची काठी थोरल्या मॉडच्या हाती दिली. भावांच्या हातून फिरलेली ती काठी तिने घेतली आणि आपल्या मुलाच्या, रॉजर बिगॉडच्या हाती सोपवली. तुझ्या वंशवृक्षात तिची जागा उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात आहे.

नवं कार्ड घे. पहिल्या ओळीत लिही: मॉड. दुसऱ्या ओळीत आईचं नाव.